नॉर्मलच्या दोन टेकड्या

मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी नॉर्मलची टेकडी फुटली आणि एकीच्या दोन झाल्या. आवाज वगैरे काही झाला नाही. पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकत होती. नवव्या मिनिटाला ती नेहमीसारखी वर चढली, उतरायला लागली, आणि अर्ध्या उतारावर काहीतरी वरच विसरल्यासारखी पुन्हा थोडी चढली. मग सावकाश खाली आली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे निघाली. समोर बसलेल्या माणसाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला. दोनाच्या दोनच राहिल्या.

तो माणूस म्हणजेच नॉर्मल. आईवडिलांनी ठेवलेलं रीतसर नाव त्याला होतं, हजेरीच्या वहीत ते लिहिलेलंही होतं, पण प्रयोगशाळेत गेली सहा वर्षं ते कुणी उच्चारलं नव्हतं. कारण शीतकपाटात तिसऱ्या खणात ज्या बाटल्यांवर ‘नॉर्मल’ अशी चिठ्ठी होती, त्या बाटल्यांत त्याची लघवी होती. सहा वर्षांपूर्वी लहान मुलांच्या इस्पितळाने प्रयोगशाळेला एक काम दिलं: नुकत्याच जन्मलेल्या बाळांची लघवी तपासायची आणि तिच्यात कुठला बारीकसा रेणू प्रमाणाबाहेर आहे का, ते सांगायचं. प्रमाणाबाहेर म्हणायचं तर आधी प्रमाण पाहिजे. त्यासाठी किमान वीस निरोगी माणसांचे नमुने घ्यावेत, असा नियम आहे, आणि त्या प्रत्येकाने बारा पानांचा संमतीचा फॉर्म भरावा, असाही आहे. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी वीस फॉर्म छापून मधल्या टेबलावर ठेवले. लोकांनी त्यांच्यावर चहाचे कप ठेवले. बारा पानं भरून वर लघवी द्यायची, हे कुणालाच परवडेना. शेवटी काम सुरू करायच्या दिवशी सकाळी आठ वाजता इमारतीत एकच निरोगी माणूस हजर होता आणि तो नेमका अजून मोरीकडे गेला नव्हता. “तात्पुरतं,” बाई म्हणाल्या. तात्पुरत्या गोष्टींना आपल्याकडे मरण नसतं. सहा वर्षांत सत्तावन्न बाळांची लघवी या एका माणसाच्या लघवीशी ताडून पाहिली गेली. बाळांसाठी एका ठरलेल्या आकड्याने गुणायचं, आणि नॉर्मलच्या दीडपटीच्या आत असेल तर ‘सामान्य’ असा शेरा मारायचा.

त्याला या गोष्टीचा मनातून अभिमान होता, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आयुष्यात दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच. उंची मध्यम, गुण मध्यम, शाळेच्या फोटोत बरोबर मधल्या रांगेत बरोबर मधोमध, आणि तरी फोटो पाहणाऱ्याचं बोट त्याच्यावरून घसरून शेजारच्याकडे जायचं. बूट घ्यायला गेला की त्याचं माप संपलेलं असायचं, कारण ते सगळ्यांचंच माप. ज्योतिषाने त्याचा हात पाहून सोडून दिला होता. अशा माणसाला एक दिवस सरकारी छापाच्या कागदावर ‘नॉर्मल’ म्हणून मान्यता मिळते आणि बाळांचं भवितव्य त्याच्याशी मोजलं जातं, ही काही साधी गोष्ट नाही. सहा वर्षं त्याने स्वतःला जपलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी जपतात तसं. नमुन्याच्या आदल्या दिवशी तो बाहेरचं खायचा नाही, भांडायचा नाही, सर्दी झाली तर बाईंना फोन करून क्षमा मागायचा.

तर टेकडी. कागदावर तिला शिखर म्हणायचं, बोलताना टेकडी. यंत्र तसं गरीब स्वभावाचं आहे. केसाइतकी बारीक काचेची नळी, हातभर लांब, बाहेरून तपकिरी लेप. एका जागी तो लेप काडीने जाळायचा आणि ओल्या कापसाने पुसायचा, म्हणजे तिथे काच उघडी पडते, तीच खिडकी. आत काय चाललंय, ते यंत्र त्या खिडकीतून बघतं. खिडकीशी नळी इतकी ठिसूळ होते की तिच्याजवळ शिंकू नये. नळीच्या दोन्ही टोकांना दोन कुप्या, कुप्यांत पाणी आणि क्षार, आणि दोन टोकांमध्ये वीस हजार व्होल्ट. पंप नाही, ढकलणारं कुणी नाही. विजेच्या ओढीने आतलं पाणी आपलं आपण चालायला लागतं, आणि त्याच्याबरोबर लघवीतले रेणूही. नळी आतून भरलेली असते, आणि त्या भरणाला काही रेणू चिकटत जातात, काही नाही. नव्या माणसाला समजावताना नॉर्मल कचेरीच्या लांब बोळाचं उदाहरण द्यायचा. सगळे एकाच वेळी जेवायला निघाले; ज्याची कुणाशी ओळख नाही तो सरळ पोचतो, ज्याच्या ओळखी फार तो प्रत्येक दारात थांबतो, घरच्यांची चौकशी करतो आणि शेवटी पोचतो. खिडकीत बसलेल्याने फक्त मोजायचं, कुठल्या मिनिटाला किती जण गेले. नवव्या मिनिटाला जाणारा जथा एका आम्लाचा होता. निदान सहा वर्षं तसं समजत होते.

आता दोन जथे दिसले ते नव्या नळीमुळे. जुन्या नळीत बारीक वाळूसारखी भुकटी ठासून भरलेली असे. नव्या नळीत त्याने एक पातळ रसायन ओतलं होतं, जे उबेत ठेवलं की आतल्या आत गोठतं आणि स्पंजासारखं जाळीदार होतं. दहा तास ठेवायचं असं ठरलं होतं. शनिवारी त्याने नळी उबेच्या पेटीत ठेवली आणि विसरून घरी गेला. सोमवारी आठवलं. त्याच्या आयुष्यातला एकमेव शोध असा विसरण्यातून लागला: दोन दिवस मुरलेली जाळी इतकी चोख झाली होती, की सहा वर्षं हातात हात घालून एकाच सावलीत चालत आलेले दोन रेणू तिच्यात एकमेकांपासून सुटे झाले.

बाईंनी उभ्याउभ्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बुडबुडा असेल.” बाईंच्या मते जगातल्या निम्म्या गोष्टी बुडबुडे होते. नळीत कधीकधी खरंच हवेचा बुडबुडा अडकतो, वीज तुटते आणि रेघ वेडीवाकडी नाचते. पण बुडबुडा दर वेळी त्याच मिनिटाला, तेवढ्याच उंचीने येत नाही. त्याने तीनदा लावून पाहिलं. तिन्ही वेळा मोठ्या टेकडीच्या पाठीला लागून धाकटी टेकडी, मोठीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी कमी. मग त्याला वाटलं, काहीतरी खाल्लं असेल. त्याने कपाटातली चार वर्षांपूर्वीची बाटली काढली. तिच्यातही दोन. चार वर्षं एकच गोष्ट खाल्ल्याचं आठवत नव्हतं.

म्हणजे मग सगळ्यांमध्येच दोन असणार, असं ठरवून तो कामाला लागला. काचेची भांडी धुणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, काय लागतंय ते देते नॉर्मलदादा, पण ती बाटली मी धुणार नाही, ती तुमची तुम्ही धुवा. बाई म्हणाल्या, मी प्रमुख आहे. आणि मग तासाभराने पाकीट आणून दिलं, चारी कडा चिकटवलेलं, वर ‘गोपनीय’. संध्याकाळपर्यंत दोघींच्या रेघा कागदावर आल्या. मावशींची एकच टेकडी, देवळाच्या कळसासारखी. बाईंची एकच. त्याने दोन्ही कागद टेबलावर ठेवले, मधे आपला ठेवला, आणि पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं, की आपण शाळेच्या फोटोत मधोमध उभे आहोत आणि या वेळी बघणाऱ्याचं बोट आपल्यावरून घसरत नाहीये.

त्या रात्री तो नीट झोपला. ते त्याला पुढे बरेच दिवस खटकत राहिलं. बुधवारी सकाळी दाढी करताना, गालाला अर्धा फेस असताना, त्याला गणित सुचलं. गणित अगदी प्राथमिक शाळेतलं होतं. आपल्या टेकडीत दुसरा रेणू लपलेला होता. म्हणजे आपली टेकडी फुगलेली होती. म्हणजे तिची दीडपटही फुगलेली होती. म्हणजे आपल्या नावावर जे दारातून आत सोडले, त्यातला एखादा सोडायचा नव्हता. त्याने उरलेली अर्धी दाढी केली. दोन्ही गाल सारखे झाले की नाही, ते दोनदा पाहिलं.

नोंदवहीतले सत्तावन्न आकडे त्याने नव्याने मांडले. नुसत्या आम्लाला शंभर धरलं तर त्याची टेकडी एकशेतीस भरत होती. हद्द दीडशेवर हवी होती, ती एकशेपंचाण्णववर आखली गेली होती. छप्पन्न बाळं दोन्ही हद्दींच्या आतच होती. एक्केचाळीस नंबरचं बाळ एकशेब्याऐंशीवर होतं. नमुना घेतला तेव्हा ते चार दिवसांचं होतं, आणि त्याला झाले होते चोवीस दिवस. सत्तावन्नातली शेवटची सतरा बाळं एकाच दिवशी गठ्ठ्याने आली होती, त्यामुळे एक्केचाळीस नंबर जुना वाटायचा; नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात त्याच्याच वळणदार अक्षरात ‘सामान्य’ लिहिलेलं होतं. सहा वर्षांत लिहून लिहून त्या शब्दाला वळण आलं होतं. बाळाच्या नमुन्याचा उरलेला थेंब कपाटात होता. तो त्याने नव्या नळीतून सोडला आणि नऊ मिनिटं खुर्चीत हातांवर बसून राहिला. पहिली टेकडी आली. तिच्यामागून दुसरी आली, जवळजवळ तिच्या खांद्याला खांदा लावून.

संदर्भाच्या वह्या चाळल्यावर या दुसऱ्या रेणूची ओळख लागली; माहिती होती, फार जागा न खाणारी. काही माणसांच्या शरीरात तो मोडत नाही. थोडासा साचत असेल तर माणसाला काही होत नाही; आईकडून किंवा बापाकडून अर्धं वैगुण्य घेऊन तो ऐंशी वर्षं जगतो. दोघांकडून अर्धं अर्धं आलं तर पूर्ण होतं. मग दुधातलं जे प्रथिन दुसऱ्या बाळाला वाढवतं, तेच या बाळाला घेरतं. ओकाऱ्या, गुंगी, पुढचं. वेळेत कळलं तर वेगळं बनवलेलं दूध देतात आणि मूल शाळेत जातं. वेळेत म्हणजे किती, ते वहीत नव्हतं.

दुपारी दीड वाजता त्याने इस्पितळाच्या डॉक्टरांना फोन लावला. फोन व्यग्र होता. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं आणि त्याने फोन ठेवून दिला. आपण प्रयत्न केला. आता आधी खात्री करू, मग बाईंना सांगू, मग बाई रीतसर पत्र लिहितील. शुक्रवारी तर इस्पितळाची समिती येणारच होती, ही पद्धत कायमची घ्यायची का, ते ठरवायला. सहा वर्षांची पद्धत, आणि तिच्या मुळाशी तो. पुन्हा फोन लावायला त्याला कुणी मनाई केली नव्हती. त्याने नळीची खिडकी पुसली. मग ती परत पुसली. खरं तर पुसायची नसते. फोनवर नेमकं काय म्हणायचं, याचा तो मनात सराव करत होता आणि प्रत्येक वाक्य ‘मी’पाशी येऊन अडकत होतं. नमुन्यात दोष होता, म्हणता येईल. प्रमाणात त्रुटी आढळली, म्हणता येईल. ‘मी नॉर्मल नाही’ हे वाक्य फोनवर कसं म्हणायचं असतं? डॉक्टर विचारतील, कधीपासून? जन्मापासून, म्हणावं लागेल.

संध्याकाळी तो रोजच्यापेक्षा लवकर घरी गेला, पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या आणि दोन फॉर्म घेऊन. घरी आई आणि बाबा. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, आता फक्त घरातली करतात. त्यामुळे घरात चार घड्याळं आहेत आणि चारी बरोबर चालतात. बाबांना काहीही विचारलं की ते “बघू” म्हणतात. बाटली दिली तर तिच्याकडे पाहून “बघू” म्हणाले, फॉर्म घेतला, बारा पानं उलटून पाहिली आणि चष्म्याचं घर धरतात तसा तो छातीशी धरून आतल्या खोलीत गेले. आईचं तसं नव्हतं. आई ओट्याशी उभी होती. तिने बाटली उजेडात धरली, झाकण फिरवून पाहिलं आणि विचारलं, हिच्यात मसाला राहील का? त्याने सांगितलं कशासाठी आहे ते. ती म्हणाली, चांगली बाटली वाया घालवताय.

मग तिने चहा टाकला. कोरा. या घरात दूध येत नाही. लहानपणी त्याला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी चहा काळा असतो. मग मित्राच्या घरी पांढरट चहा पाहून त्याला वाटलं होतं, यांचा बिचाऱ्यांचा चहा नासलाय. मोठा झाल्यावर कुणी विचारलं तर तो सांगायचा, आमच्याकडे दूध मानवत नाही. असं का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. माणूस आपल्या घराच्या भिंती जाडीला किती आहेत, हे कुठे विचारतो. त्याने कप हातात घेतला आणि नव्या माणसाला यंत्र समजावावं तसं आईला सगळं सांगितलं: एक्केचाळीस नंबर, दोन टेकड्या, अर्धं अर्धं, दूध. बोलताना तो कपातल्या काळ्या पाण्याकडे बघत होता आणि त्याचं लक्ष नव्हतं, की ओट्यावरचा आवाज थांबलाय.

“ओकाऱ्या होतात?” आईने विचारलं.

“हो.”

“आणि मग नुसतंच पडून राहतं. हाक मारली तरी बघत नाही.”

त्याने वर पाहिलं. हे त्याने सांगितलेलं नव्हतं.

आईने हात पुसले. अगदी कोरडे झाल्यावरही पुसत राहिली. ती काही फार बोलली नाही आणि जे बोलली ते कपड्यांच्या हिशेबासारखं बोलली. त्याच्या आधी एक मुलगा होता. अडीच महिन्यांचा झाला. सासूबाई म्हणाल्या, हिचं दूध बाधलं. डॉक्टर काही म्हणाले नाहीत, म्हणून सासूबाईंचं राहिलं. मग हा झाला, तर याला तिने पाजलंच नाही. पिठाची पातळ लापशी आणि डब्यातलं काय काय देऊन वाढवला, आणि हा जगला. तेव्हा सिद्धच झालं ना, ती म्हणाली. ज्याला पाजलं तो गेला, ज्याला नाही पाजलं तो राहिला.

त्याला आधी जे जाणवलं ते दुःख नव्हतं. धंद्याच्या सवयीने त्याच्या मनात आलं, की एका नमुन्यावरून. एक मूल मेलं, एक जगलं, आणि त्यावर घराने चौतीस वर्षं टिकणारा निष्कर्ष काढला, बाटलीवर चिठ्ठी चिकटवून खणात ठेवला आणि पुन्हा कधी तपासला नाही. आपण जगलो याचं कारण फक्त हे होतं, की आपल्या वाट्याला अर्धंच आलं होतं. आईने पाजलं असतं तरी जगलो असतो. तो स्वतः या घराचाही नॉर्मल होता. त्याच्याशी ताडून आईला दोषी ठरवलं होतं, आणि तो काळा चहा पीत, मध्यम गुण मिळवत, जन्मभर त्या बाजूने साक्ष देत राहिला होता. कपाटावर एक फोटो होता, पांढऱ्या दुपट्यातलं बाळ, मुठी आवळलेल्या. त्याने मान वळवून त्याकडे पाहिलं.

“तो मी आहे ना?” त्याने विचारलं.

“नाही,” आई म्हणाली. “तुझा काढायचा राहूनच गेला.”

कळायला लागल्यापासून तो पाहुण्यांना तो फोटो आपला म्हणून दाखवत आला होता. पाहुणेही म्हणत, नाक अगदी तसंच आहे हो. त्याने कप खाली ठेवला, खिशातून फोन काढला आणि तिथेच, स्वयंपाकघरात, आईसमोर लावला. या वेळी फोन व्यग्र नव्हता. डॉक्टर काहीतरी खायला बसणार होते, असं त्यांच्या आवाजावरून वाटलं. त्याने एक्केचाळीस नंबर म्हटल्याबरोबर ते म्हणाले, अहो, बरं झालं फोन केलात, त्या बाळाने आम्हाला भंडावून सोडलंय. परवापासून दाखल आहे, ओकतंय, झोपाळलंय. आम्ही जंतुसंसर्ग धरून चाललोय. त्यात त्याची आजी हटून बसलीये की सुनेचं दूध बाधतंय, पाजू नका. सून रडतेय. मी आजीला तुमचा रिपोर्ट दाखवला. म्हटलं, हे बघा, शास्त्रीय तपासणीत सगळं सामान्य आलंय, दुधात काही नाही, खुशाल पाजा.

“ती पाजतेय?”

“दर दोन तासांनी. मी मागे लागून.”

सराव केलेली सगळी वाक्यं त्याच्या डोक्यातून गेली. नमुन्यात दोष, प्रमाणात त्रुटी, सगळी.

“थांबवा,” तो म्हणाला. “रिपोर्ट चुकलाय. आम्ही ज्याच्याशी ताडून पाहतो तो नॉर्मल नाहीये. तो मी आहे.”

पलीकडे बशी सरकवल्याचा आवाज आला. मग डॉक्टरांनी भराभर विचारलं आणि त्याने भराभर सांगितलं: कुठला रेणू, किती पट, कुठल्या प्रकारचं दूध, रक्ताची कुठली तपासणी मोठ्या इस्पितळातून लगेच करून घ्यायची. डॉक्टर उठले होते, चालत होते, दम लागल्याचं कळत होतं. फोन ठेवायच्या आधी ते म्हणाले, म्हणजे ती म्हातारी बरोबर होती म्हणायची. त्याने आईकडे पाहिलं. ती टेबलावरच्या बाटलीचं झाकण घट्ट करत होती, सैल करत होती.

“नाही, बरोबर नव्हती,” तो म्हणाला. “दूध चांगलंच असतं. बाळाला ते मोडता येत नाही, आणि ते आईकडून अर्धं आणि बापाकडून अर्धं येतं. हे त्या सुनेला तुम्ही सांगा. आजीसमोर सांगा.”

गुरुवारी त्याने बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, आधी मला सांगायला हवं होतंस. शुक्रवारची समिती त्यांनी स्वतः फोन करून रद्द केली. फोनवर त्या कुठेही बुडबुडा म्हणाल्या नाहीत; ‘तात्पुरतं’ हा शब्द मात्र दोनदा आला आणि दोन्ही वेळा तो त्यांनी स्वतःवर घेतला. त्यांनी टेबलावरचे फॉर्म उचलले, कपांचे गोल डाग पडलेले, आणि इमारतभर फिरून अठरा माणसांकडून बसून भरून घेतले. लिफ्टवाला, वाचनालयातल्या दोघी, पोस्टमन. पोस्टमनने विचारलं, रजिस्टर करायचं की साधं? तिसऱ्या खणातल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या नॉर्मलने स्वतः काढल्या. गोंद सहा वर्षं मुरलेला, चिठ्ठी सुटेना. नखाने खरवडावी लागली. मावशी बघत होत्या. आता तुम्हाला काय म्हणायचं, त्यांनी विचारलं. त्याने हजेरीच्या वहीत आहे ते नाव सांगितलं. मावशींनी ते एकदा तोंडात घोळवून पाहिलं आणि म्हणाल्या, लांब आहे.

एक्केचाळीस नंबरचं बाळ नऊ दिवसांनी डोळे नीट उघडून आजीकडे बघायला लागलं. वेगळं दूध पितं, वजन घेतंय, पुढे काय राहील आणि काय नाही ते वर्षभराने कळेल, असं डॉक्टर म्हणाले. हे सगळं वेळेत झालं की उशिरा, ते त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. बुधवारचे दीड ते साडेसहा, एवढे तास त्याच्याकडे राहिले. दर दोन तासांनी एकदा, म्हणजे अडीच वेळा. अर्ध्या वेळेचं काय करायचं, ते त्याला अजून ठरवता येत नाही.

बाबांची बाटली आणि फॉर्म दुसऱ्याच दिवशी त्याच्या पिशवीत ठेवलेले सापडले होते. आईने मात्र पंधरा दिवस लावले. बाटली दिली, पण फॉर्म नंतर, म्हणाली. दोघांच्या रेघा त्याने एकाच सकाळी काढल्या. दोघांनाही दोन दोन टेकड्या, धाकट्या टेकडीची उंची जवळजवळ सारखी. रविवारी दुपारी त्याने ते दोन कागद घरी आणले आणि एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला टेकवले. उजेडात दोन रेघांची एक झाली. आई मागे येऊन उभी राहिली. यात माझी कुठली, तिने विचारलं. त्याने सांगितलं, असं बघून नाही सांगता येत. कागदाच्या मागे लिहिलंय. तिने कागद उलटून पाहिला नाही. बाबा आतल्या खोलीच्या दारात उभे होते, हातात कुठल्यातरी घड्याळाची मागची चकती. आईने त्यांच्याकडे न बघता विचारलं, पाहिलंत का? बाबा नेहमीचा शब्द म्हणतील असं वाटलं, पण ते आले, चष्मा कपाळावर सारला आणि नाक लावून खरंच बघत राहिले.

मग आई टेबलाशी बसली आणि म्हणाली, आण तुझा तो फॉर्म. नाव, वय, पूर्वीचे आजार, शस्त्रक्रिया. ती एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होती आणि उत्तर लिहायच्या आधी त्याला विचारत होती, हे विचारायची यांना काय गरज? पाचव्या पानावर नववा प्रश्न होता: अपत्यं किती? तिने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. शिधापत्रिकेवर, जनगणनेत, बँकेत, आजवर जिथे कुणी विचारलं तिथे तिने एक लिहिलं होतं. त्याने सहा वर्षांपूर्वी आपल्या फॉर्ममध्ये भावंडांच्या रकान्यात ‘लागू नाही’ असं लिहिलं होतं, वळणदार अक्षरात.

“यांनी काय लिहिलंय?” तिने विचारलं.

बाबांचा फॉर्म त्याने फाइलमध्ये लावला होता, पण वाचला नव्हता. त्याने तो काढला, पाचवं पान उघडलं आणि तिच्यासमोर धरला. फॉर्म त्या बुधवारी संध्याकाळीच भरलेला होता, आतल्या खोलीत, ती ओट्याशी बोलत होती तेव्हा किंवा त्याच्याही आधी. खाली तारीख आणि बाबांच्या सवयीप्रमाणे वेळ होती, मिनिटांसकट. सहा वाजून दोन मिनिटं. त्या वेळी चहा अजून टाकलेला नव्हता.

आईने तो आकडा जवळ घेऊन पाहिला.

“हे काय आहे?” ती म्हणाली. “दोन आहे की बदक?”

“दोन आहे,” बाबा दारातून म्हणाले.

“घड्याळं तेवढी बरोबर चालवा,” ती म्हणाली, आणि आपल्या फॉर्मवर तिने सावकाश, चौकोनाच्या बरोबर मधोमध, कुणाचाही घोटाळा होणार नाही असा दोन काढला. तो वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं. मग उलटलं आणि दहावा प्रश्न वाचायला घेतला.